दिवाळीचे डबे नाताळला परत

तुम्ही विचारलंय की मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ नेमका कसा होतो, केक आणि सांताक्लॉज सोडून त्यात काही असतं का, आणि कुणी आपल्या घरच्या आठवणी सांगेल का. मी नाशिकची. शरणपूर रोडच्या आसपासच वाढले, आता पन्नाशी ओलांडलीय. सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीने मी बोलू शकत नाही. वसईचा नाताळ वेगळा, नगरकडचा वेगळा, आमच्याच शहरात नाशिकरोडच्या गोवेकर कॅथलिक घरांतला वेगळा. हे फक्त आमच्या घरातलं.

आमचा नाताळ सुरू व्हायचा माळ्यावर, तोही दिवाळी संपल्या संपल्या. आम्ही राहायचो त्या वाड्यात ख्रिस्ती बिऱ्हाड आमचं एकटंच. दिवाळीत सगळ्या बिऱ्हाडांतून फराळाचे डबे यायचे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. लोक चमचाभर साखर घालून देतात, नाहीतर दोन केळी. आई मात्र डबे द्यायचीच नाही. घासूनपुसून, झाकणं उलटी घालून माळ्यावर रचून ठेवायची, आणि ते खाली उतरायचे थेट डिसेंबरात, आमचा फराळ भरून परत जायला. शेजारणींनाही याची सवय झालेली. नोव्हेंबरात कुणाच्या घरी पाहुणे आले आणि डबा कमी पडला, तर समोरच्या काकू हसत सांगायच्या, ‘माझा डबा नाताळाला गेलाय.’

कुठला डबा कुणाचा, हे ओळखणं माझं काम. बहुतेकांवर नाव घातलेलं असायचं, कुणाच्या तरी लग्नातलं, ‘यांजकडून सप्रेम भेट’ वगैरे, पण ते नाव भेट देणाऱ्याचं. त्यावरून डबा आत्ता कुणाच्या घरचा हे कळायला अख्ख्या वाड्याची सोयरीक पाठ लागते. म्हणून मी बुडाशी नेलपॉलिशचे ठिपके द्यायची. काकूंचे दोन, वरच्या वहिनींचा एक, घरमालकांना तीन.

तर हो, आमच्याकडे नाताळला फराळच असतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, रव्याचे लाडू. बाहेरच्यांना याचं फार आश्चर्य वाटतं. मला त्यांच्या आश्चर्याचं वाटतं. धर्म बदलला म्हणून आजीच्या पणजीने कढई थोडीच फेकून दिली असेल!

करंज्यांची रात्र ही आमची खरी नाताळची रात्र. साधारण 21 तारखेला. रवा-मैदा दुधात भिजवून ठेवलेला, तो कुटून कुटून मऊ करायचा, पोळ्या लाटून एकावर एक साटा लावायचा, गुंडाळी करायची, लाट्या पाडायच्या आणि ओल्या फडक्याखाली झाकायच्या. दिवाळीत आई काकूंकडे लाटायला जायची, त्याची परतफेड म्हणून काकू आणि वहिनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्याकडे. सारणात सुकं खोबरं, खसखस, वेलदोडा. कातणं एकच, त्यावरून आम्हा पोरींची भांडणं. आणि नियम असा की तळलेली करंजी आजी कानाशी नेऊन हलवणार. आत सारण खुळखुळलं की भरणारीने हात आखडता घेतला, म्हणजे शिक्षा म्हणून तिने पुढचा घाणा तळायला बसायचं. वहिनी दरवर्षी तळणीवर असायच्या. पुढे पुढे मला शंका यायला लागली की त्या मुद्दाम कमी भरतात, कारण त्या थंडीत चुलीपाशी बसायला मिळायचं.

केकची गोष्ट वेगळी. घरी ओव्हन नव्हता, कुणाकडेच नव्हता. मिश्रण घरी करायचं आणि पत्र्याचे ट्रे भरून बेकरीत न्यायचं. पावांची भट्टी उतरली की बेकरीवाला उरलेल्या आचेवर लोकांचे केक आणि नानकटाया भाजून द्यायचा, ट्रेमागे पैसे घ्यायचा. पप्पा मोठ्या पातेल्यात लोणी आणि साखर फेटायचे, एकाच दिशेने, उलटा हात फिरला तर केक बसतो म्हणे. मनुका संत्र्याच्या रसात आठवडाभर भिजलेल्या. रमचा प्रश्नच नव्हता, आजोबा कट्टर दारूबंदीवाले.

ट्रेवर चिठ्ठी लावली तर ती भट्टीत जळते, म्हणून खिळ्याने नाव कोरायचं. एका वर्षी आमच्या नव्या ट्रेवर कोरायचं राहून गेलं. 24 तारखेला संध्याकाळी केक घरी आला, चांगला गडद, जड. आजोबांनी पहिला तुकडा खाल्ला, मग दुसरा. म्हणाले, ‘यंदा मनुका काय मुरल्यात!’ आई आणि आजीने एकमेकींकडे पाहिलं. वास दोघींनाही कळला होता. कुणी काही बोललं नाही. आजोबा तिसऱ्या तुकड्याला हात घालताहेत तेवढ्यात दारात एक अनोळखी गृहस्थ आमचा ट्रे घेऊन उभे. फार सभ्य माणूस. म्हणाले, ‘तुमचाही छान होता, जरा साधा.’ अदलाबदल कशाची झाली हे आजोबांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी दोनदा विचारलं की मनुका मागच्यासारख्या का नाहीत.

गाण्यांबद्दल लोकांना वाटतं की आम्ही इंग्रजी कॅरल्स म्हणतो. तीही म्हणतो, पण चर्चमध्ये मुख्य गाणी मराठी, पेटी-तबल्यावर, आणि त्यातली बरीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळक मराठी कवी, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले. त्यांच्या रचनांना चाल बाहेरून मागावी लागत नाही, अभंग-ओवीचंच वळण आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. आजी त्यांचं नाव घ्यायची ते ‘आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई’ असंच, जणू काल नळावर भेटल्या होत्या. नाताळच्या सकाळच्या उपासनेत टाळ घेऊन उभे असलेले म्हातारे पाहिले की नवख्याला क्षणभर कळत नाही आपण कुठे आलोय.

शरणपूरचं नाव आलंच आहे तर आजोबांच्या नाटकाचं सांगते. ही ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवली. अनाथ मुलं होतीच, शिवाय इंग्रजांच्या आरमाराने अरबी गलबतांवरच्या गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली आणि इथेच लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतले काही 1866 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-संशोधकाच्या मोहिमेवर आफ्रिकेत गेले. 1873 साली लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये दफन झालं तिथेही तो हजर होता. आजोबांना याचा विलक्षण अभिमान. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या, मुलांचं नाताळचं नाटक ते बसवायचे, आणि पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला आलेल्या तीन मागी लोकांपैकी एकाच्या तोंडी दरवर्षी एक वाक्य घालायचे: ‘वाटेत थोडे दिवस नाशिकला होतो.’ प्रेक्षक या वाक्याची वाटच बघत असायचे. एकदा तो मुलगा वाक्य विसरला, तर मागच्या बाकावरून चार जणांनी ओरडून आठवण करून दिली.

थंडीशिवाय नाशिकचा नाताळ सांगता येत नाही. गाणाऱ्यांची टोळी रात्री टेम्पोतून घरोघरी फिरायची, ढोलकी, पेटी, तिबेटी मार्केटातले स्वेटर आणि कानटोप्या. प्रत्येक घरी दोन गाणी, एक प्रार्थना, चहा. बाराव्या-तेराव्या घरापर्यंत चहा नको नकोसा व्हायचा, पण नाही म्हटलं तर त्या घरचे वर्षभर लक्षात ठेवायचे. शेवटचं घर मुद्दाम असं निवडायचे जिथे बटाटेवडे मिळतात.

आमचे मामा मात्र नाताळला कधीच नसायचे. त्यांची ओझरकडे द्राक्षबाग. डिसेंबरअखेर मण्यांत पाणी भरायला लागतं, आणि नेमका तेव्हाच निफाड पट्ट्यात पारा घसरतो. अशा थंडीत मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला माल व्यापारी घेत नाही. म्हणून रात्रभर बागेत जागोजाग शेकोट्या पेटवून धूर करायचा, पहाटे पाणी सोडायचं. मामी आणि मुलं आमच्याकडे यायची, मामा बागेत. मामींना पहिली काही वर्षं याचा राग यायचा. चर्चमध्ये वाचन असतं की त्या रात्री मेंढपाळ रानात राहून आपले कळप राखत होते. ते वाचन झालं की मामी आईच्या कानात म्हणायच्या, ‘आमचेही राखताहेत.’ एका 24 तारखेला पप्पा आम्हा मुलांना स्कूटरवर कोंबून बागेत घेऊन गेले. काळ्याभोर अंधारात ओळीने शेकोट्या, धूर जमिनीलगत पसरलेला, आणि मामा कांबळं गुंडाळून, हातात बॅटरी. आईने दिलेला करंज्यांचा डबा त्यांनी तिथेच उघडला, बागेतल्या गड्यांना वाटला. चर्चमध्ये ते वाचन अजूनही ऐकते, आणि मला दिसते ती ओझरची बाग.

25 तारखेचा दिवस तसा सरळ. पहाटे अंघोळ, नवे कपडे, उपासना, बाहेर मैदानात तासभर हस्तांदोलन, घरी मटण-वडे किंवा बिर्याणी, दुपारी झोप. सांताक्लॉज यायचा, चर्चच्या अंगणात गोळ्या वाटायचा. त्याच्या चपला पप्पांच्या होत्या हे मी पहिलीतच ओळखलं. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, घरी मांडायचो, विटा, गवत, शाडूचे प्राणी. गाय अर्थातच खिल्लारी शिंगांची. आईने एकदा गोवेकर मैत्रिणीचं बघून थाळीत धान पेरलं, गव्हाणीभोवती हिरवळ म्हणून. काकू बघून म्हणाल्या, ‘तुमचे घट फारच उशिरा बसले हो!’ त्यानंतर घरात त्या थाळीला घटच म्हणतात.

आणि 25च्या संध्याकाळी डबे. आम्ही भावंडं नवे कपडे घालून दारोदार, नेलपॉलिशचे ठिपके बघत. हे काम मला पाहुण्यांपेक्षा आवडायचं, कारण प्रत्येक घरी डबा तिथल्या तिथे उघडला जायचा आणि करंजी कानाशी नेऊन हलवली जायची. आजीची परीक्षा सगळ्या वाड्याने उचलली होती.

आता वाडा पाडून तिथे इमारत झालीय. मी फ्लॅटमध्ये, करंज्या एकटी किती करणार, निम्म्या बाहेरून आणते, आणि त्या खुळखुळतात. केक मुलगी ओव्हनमध्ये करते, चांगला करते. मला खरी चुकचुक लागते ती वेगळीच. दिवाळीचा फराळ हल्ली पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यांतून येतो, आणि देणारी दारातूनच सांगते, ‘डबा परत नको हं.’ सोय म्हणूनच सांगते बिचारी. पण मग माळ्यावर ठेवायचं काय?

तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. तिनेही असाच डबा दिला आणि असंच सांगितलं. मी मान डोलावली, डबा धुतला, बुडाशी एक लाल ठिपका दिला आणि नाताळला करंज्या भरून पाठवला. ती गोंधळली असणार. या दिवाळीला बेल वाजली, दारात तीच. हातात तोच डबा, झाकणाला तडा गेलेला, त्यावर चिकटपट्टी. लाल ठिपका अर्धा निघालाय, पुन्हा द्यायला हवा.