नायट्रस किट: खोक्यावरची किंमत आणि खरा खर्च

इंजिनात नायट्रस ऑक्साइड फवारून काही सेकंद जादा शक्ती मिळवणाऱ्या किटाबद्दल वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझी २०१५ ची होंडा सिटी आहे, १.५ पेट्रोल, मॅन्युअल. इंजिन कंपनीचंच. परदेशी दुकानांत सिंगल नोझल वेट किट (एकाच तोटीतून नायट्रससोबत जादा पेट्रोलही फवारणारं) साधारण ७५० डॉलरला दिसतं. म्हणजे पासष्ट-सत्तर हजारांत काम होईल ना? (खारघर)

उत्तर : होणार नाही. पावणेदोन ते दोन लाखांची तयारी ठेवा. बाटलीशिवायचा संच मागवा (कारण पुढच्या उत्तरात आहे). तो ६२५ डॉलरच्या घरात पडतो. डॉलर ८८ रुपये धरला तर ५५,००० रुपये, वर वाहतूक ११,०००. या ६६,००० वर १५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी लावला की आकडा ९०,७०० च्या पुढे जातो. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नाहीतर हा आकडा आणखी फुगला असता. माल कोणत्या शीर्षकाखाली धरला जातो त्यावर दर बदलतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटकडून कोड लिहून घ्या.

पुढचा खर्च लोक विसरतात. विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या दरम्यानच नायट्रस चालू ठेवणारा), इंधनाचा दाब पडताच नायट्रस तोडणारा सेफ्टी स्विच आणि वाइडबँड एअर-फ्युएल मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) या तीन वस्तू बहुतेक किटांत नसतात. ४०० डॉलर धरले तर शुल्कासह ४८,००० रुपये. यांना कात्री लावू नका. पैसे कमी पडत असतील तर बेत पुढे ढकला. उरलेले चाळीस-पन्नास हजार थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणाऱ्या) स्पार्क प्लगचा सेट, बसवण्याची मजुरी आणि डायनोवरच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच्या) ट्यूनिंगला जातात. तुर्भे असो की वागळे इस्टेट, गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात डायनोवरच्या धावा किती हे नमूद करून घ्या.

वाचवायचेच असतील तर बॉटल हीटरचे वाचवा. जेटचे (फवाऱ्याचं प्रमाण ठरवणाऱ्या बारीक छिद्रांचे) तक्ते बाटलीत ९०० ते ९५० पीएसआय दाब धरून केलेले असतात आणि नायट्रस ३० अंशांना साधारण त्याच दाबाला असतो. थंड देशांत हीटर लागतो, आपल्याकडे हवाच ते काम करते.

आता क्लचकडे बघा. ३५ अश्वशक्तीचा शॉट (नायट्रसने मिळणारी वाढ) म्हटलं तर लहान वाटतो, पण ही वाढ सगळ्या आरपीएमला जवळपास सारखीच असते. ६,००० आरपीएमला ती सुमारे ४१ न्यूटन-मीटर टॉर्क देते, ३,००० आरपीएमला मात्र ८३. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क १४५ आहे. म्हणजे खालच्या आरपीएमला बटण दाबलंत तर क्लच आणि कनेक्टिंग रॉड दोघांवर दीडपटीहून जास्त भार येतो. विंडो स्विच ३,५०० च्या खाली सुरू होऊ देऊ नका आणि या इंजिनावर ३५ च्या वर जाऊ नका.

प्रश्न : बाटली कुठे भरून मिळेल? तळोज्याला गॅसवाले आहेत. एक मित्र रुग्णालयातला निळा सिलिंडर देतो म्हणतो. (ऐरोली)

उत्तर : मित्राला नको म्हणा. रुग्णालयाचा नायट्रस हे औषध आहे, तो तिथून बाहेर काढणंच गुन्ह्याकडे जातं. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. तो सिलिंडर उभा ठेवून वरचा वायू घेण्यासाठी असतो. गाडीच्या किटला द्रव नायट्रस लागतो, म्हणून त्याच्या बाटलीत तळापर्यंत जाणारी सायफन नळी असते. द्रवासाठी मोजलेल्या जेटमधून वायू गेला की नायट्रस कमी पडतो, पेट्रोल तेवढंच राहतं आणि इंजिन काळा धूर सोडत घुसमटतं.

परदेशी बाटलीची अडचण वेगळी. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरच्या पेसो या संस्थेकडे आहे. सिलिंडर आयात करायला परवानगी लागते, भरणाऱ्याकडे परवाना लागतो आणि सिलिंडर मान्यताप्राप्त, चाचणीची मुदत न संपलेला असावा लागतो. अमेरिकी शिक्क्याची बाटली परवानाधारक भरणारा हातात घेणार नाही आणि त्याचं ते बरोबरच आहे. म्हणून क्रम उलटा करा. आधी परवानाधारक विक्रेता गाठा, देशात मान्य असलेला सायफन नळीचा सिलिंडर आणि भरण्याची हमी लेखी मिळवा, मगच किट मागवा. ही हमी मिळत नसेल तर बेत तिथेच थांबवा. गॅसविना दोन लाखांचं सामान नुसतं पडून राहील.

मोठ्या सिलिंडरातून घरी ओतून भरणं तर अजिबात नको. बाटली दाबावर नाही, वजनावर भरतात. १० पाउंडांच्या बाटलीत ४.५ किलोच जायला हवा. जास्त भरली की ऊन लागल्यावर द्रवाला पसरायला जागा उरत नाही.

प्रश्न : बसवताना नेमकं काय चुकतं? (डोंबिवली)

उत्तर : बहुतेक इंजिनं नायट्रसमुळे नाही, पेट्रोल कमी पडल्यामुळे जातात. पिस्टनचा माथा वितळतो किंवा रिंगांमधली भिंत तुटते. पेट्रोल कमी का पडतं, तर पंप जुना, फिल्टर तुंबलेला, पेट्रोलचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) चिकटलेला. आपल्याकडे ई२० हेही कारण आहे. जेटचे तक्ते निव्वळ पेट्रोलसाठी असतात, ई२० ला सात-आठ टक्के इंधन जास्त लागतं. तक्त्यातला जेट तसाच लावला तर मिश्रण पहिल्या दिवसापासून लीन, म्हणजे पेट्रोल कमी. पेट्रोलचा जेट एक आकार मोठा लावून सुरुवात करा आणि वाइडबँडचं वाचन बघत खाली या.

दुसरं, रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा. लिमिटर लागला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर बंद करतो, पण नायट्रस चालूच राहतो. विंडो स्विच लिमिटरच्या किमान ३०० आरपीएम आधी तुटला पाहिजे. थ्रॉटलचा स्विच पूर्ण दाबल्यावरच जोडला जावा, म्हणजे गिअर बदलताना पाय उचलला की फवारा आपोआप थांबतो. अर्ध्या थ्रॉटलला फवारलं तर वेट किटचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तळाशी साचतं आणि पुढच्या ठिणगीला मॅनिफोल्ड फुटतो. आताचे मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात, हे लक्षात घ्या.

इग्निशन टायमिंग दर ५० अश्वशक्तीमागे २ अंश मागे घ्या, प्लग एक पायरी थंड लावा, त्याची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. टेफ्लॉन टेप फ्लेअरच्या (पसरट तोंडाच्या नळीच्या) जोडाला कधीच गुंडाळू नका. तिचा एक तंतू सुटून पेट्रोलच्या जेटमध्ये अडकला की इंजिन संपलं. सील तिथे धातू-धातूच्या टेकण्यानेच होतं. निमुळत्या आट्यांनाच पेस्ट, तीही पहिल्या दोन आट्या सोडून.

बाटली डिकीत लेबल वर आणि व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला करून, थोडी उचलून बांधा. वेग घेताना द्रव मागे सरकतो आणि सायफन नळीचं टोक तिथेच असतं. सुरक्षा चकतीपासून गाडीबाहेर जाणारी नळी हवीच. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात वाशी स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हे तापमान सहज गाठलं जातं. चकती साधारण ३,००० पीएसआयला फुटते. नळी नसेल तर सगळा वायू केबिनमध्ये येतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहतो. धावा संपल्या की बाटली काढून सावलीत ठेवा.

प्रश्न : पंधरा-वीस हजारांत नावाजलेल्या कंपनीचा स्टिकर लावलेलं पूर्ण किट मिळतंय. घेऊ का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : नको. नकली किटात सोलेनॉइड फसवतो. त्यावर दाबाची मर्यादा कोरलेली आहे का, आतलं सील वेगळं विकत मिळतं का, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर निघा. हजार पीएसआयला उघडा राहिलेला सोलेनॉइड बटण सोडूनही बंद होत नाही.

प्रश्न : किट बसवलं पण रस्त्यावर बाटली बंदच ठेवली, तर चालेल? (नेरूळ)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वापरावर नाही, बदलावर बोट ठेवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठी कलम १८९ वेगळं आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरतो. पाम बीच रोडवर हे करू नका. तिथे रात्रीही माणसं रस्ता ओलांडत असतात, त्यांनी तुमच्या हौसेची किंमत का मोजावी? गाडी ट्रेलरवर टाकून एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेची मान्यता असलेल्या ड्रॅग स्पर्धेला न्या आणि त्या वर्गात नायट्रस चालतो का हे नियमावलीत आधी वाचा.

प्रश्न : टर्बो पेट्रोल किंवा डिझेलला फायदा किती? (कळवा)

उत्तर : टर्बो पेट्रोलला आधी रिमॅप (ईसीयूमधली सेटिंग बदलणं) करा, बराच कमी खर्च आणि बाटलीची कटकट नाही. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर वेट किटचं पेट्रोल उच्च दाबाच्या रेलमधून घेऊ नका, टाकीकडून येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमधूनच घ्यायचं. कंपनीच्या स्थितीतल्या डिझेलला फारसा फरक पडत नाही. तिथे हवा आधीच मुबलक असते, कमी असतं ते डिझेल.

प्रश्न : एका बाटलीत धावा किती? (घणसोली)

उत्तर : १०० अश्वशक्तीला १० सेकंदांत सुमारे ३६० ग्रॅम लागतो. ३५ च्या शॉटवर पाव मैलात बारा सेकंद फवारा धरला तर दीडशे ग्रॅम. ४.५ किलोच्या बाटलीत कागदावर तीस धावा बसतात. पण बाटली रिकामी होत जाते तसा दाब उतरतो आणि मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त), म्हणून वीस-बावीस धरा. प्रत्येक धावेनंतर बाटली काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. एखाद्या धावेत वजन नेहमीपेक्षा जास्त घटलं तर पुढची धाव घेऊ नका, आधी सोलेनॉइड आणि सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा.