सहा चपट्या सेलची चळत चारही बाजूंनी बंद केली तरी गळते. कवच कसं करावं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचे सहा चपटे सेल तुम्ही एकावर एक रचलेत, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आहे, सगळी चळत पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात बसवून वरून एपॉक्सी ओतलंय. महिन्याभरात ऋण टोकाशी पांढरी पूड आली आणि डबा फुगला. आता डबा जाड करू की एपॉक्सी बदलू, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही करू नका. अशा चळतींच्या बंदिस्तीचं काम मी बरीच वर्षं केलंय आणि माझं ठाम मत आहे की गळती थांबवायची ती प्रत्येक सेलच्या कडेला. बाहेरचा डबा फक्त आधाराला असतो. शिवाय एपॉक्सी पॉलिप्रॉपिलीनला धड चिकटतच नाही. सुकल्यावर बघायला घट्ट वाटतं, पण दोन्हींच्या मधे केसाएवढी फट राहते आणि द्रावणाला तेवढी पुरते.

ही अडचण बॅटरीइतकीच जुनी आहे. व्होल्टाने १८०० साली जाहीर केलेल्या चळतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे होते. वरच्या चकत्यांच्या वजनाने खालच्या पुठ्ठ्यांतलं पाणी पिळून निघायचं आणि बाजूने ओघळून सेल एकमेकांना जोडून टाकायचं. विल्यम क्रुकशँक या रसायनशास्त्रज्ञाने थोड्याच काळात ती चळत आडवी केली आणि धातूच्या पट्ट्या लाकडी पेटीच्या खाचांत पक्क्या बसवल्या. म्हणजे त्याने प्रत्येक सेलची कड वेगळी बंद केली. तुम्हालाही तेच करायचंय.

कडेची ओल नुसती घाण करत नाही. शेजारच्या दोन सेलमध्ये १.५ व्होल्टचा फरक असतो. ओलीची रेघ तळापासून माथ्यापर्यंत चढली, तर तिच्या दोन टोकांवर ९ व्होल्ट पडतात. मग त्या रेघेतून प्रवाह वाहतो, पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतो, जस्ताची कड खाल्ली जाते आणि बॅटरी कपाटात ठेवल्या ठेवल्या उतरते.

ऋण बाजूलाच पूड का येते, हे समजून घ्या, कारण सगळी रचना त्यावर ठरते. तिथल्या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनचं क्षपण होतं, म्हणजे त्याला धातूकडून इलेक्ट्रॉन मिळतात, आणि त्यात हायड्रॉक्साइड तयार होतं. त्यामुळे द्रावणाची पातळ कड स्वतःहून पुढे पुढे सरकत राहते. दाब नसला तरी ती सरकते. बाहेर आल्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेट बनतं, तीच तुमची पांढरी पूड.

एकदा आमच्या एका खेपेतल्या बऱ्याच चळती एकाच कोपऱ्यातून गळत होत्या. गॅस्केट, म्हणजे कड बंद करणारं रबर, बदललं, दाब वाढवला, काही उपयोग झाला नाही. शेवटी सेलचा एक धातूचा पत्रा भिंगाखाली धरला. निकेलच्या मुलाम्यावर, बरोबर गॅस्केट बसतं त्या पट्टीला आडवा छेदणारा एक बारीक ओरखडा होता, आणि त्या ओरखड्यात टोकापर्यंत पांढरी दोरी भरलेली. पत्रा घासताना हात आतून बाहेर फिरवला जायचा, तेवढंच कारण. घासण्याची दिशा कडेला समांतर केली, कापलेल्या कडेवरचे धारदार कंगोरे काढले आणि त्या कोपऱ्याची गळती थांबली. म्हणून तुमचे पत्रे आधी भिंगाखाली बघा. गॅस्केट बसवण्याआधी त्या पट्टीवर डांबराचा पातळ, सलग थर द्या. धातू आणि गॅस्केट यांच्यातल्या सूक्ष्म खाचा तो भरून काढतो.

प्रत्येक सेलला पॉलिप्रॉपिलीनची वेगळी चौकट करा आणि चौकटी एकमेकींना तापत्या पाटीने वितळवून जोडा, गोंदाच्या भानगडीत पडू नका. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये ईपीडीएम रबर चालेल, साधारण २० टक्के दाबलं जाईल असं. व्हायटन हे दुसरं रबर महाग असलं तरी तुमच्या द्रावणासारख्या तीव्र अल्कलीत टिकत नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिकार्बोनेटही नको.

डबा फुगला तो वायूमुळे, आणि इथे बहुतेक जण चुकतात, कारण 'पूर्ण बंद' म्हणजे चांगलं असं वाटतं. हिशोब करून बघा. जस्त गंजताना त्याच्या प्रत्येक ६५ ग्रॅममागे साधारण २४ लिटर हायड्रोजन सुटतो. म्हणजे फक्त ०.१ ग्रॅम जस्त गंजलं तरी ३७ मिलिलिटर वायू. बाजारातल्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचं अख्खं आकारमानच २२ मिलिलिटरच्या आसपास असतं. तुमच्या डब्यात मोकळी जागा २ मिलिलिटर असेल, तर दाब हवेच्या दाबाच्या १८ पटींवर जाईल. त्यापुढे कुठलंही एपॉक्सी सुटणारच.

म्हणून वायूला वाट द्या, द्रावणाला देऊ नका. सच्छिद्र पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा अल्कलीने भिजत नाही, पण वायू जाऊ देतो. प्रत्येक सेलला द्रावणाच्या पातळीच्या वर असा छोटा पडदा हवा. सगळ्या सेलना मिळून एकच मोकळी पोकळी ठेवली, तर तुषारांमुळे सेल पुन्हा जोडले जातील. पडदा छोटाच ठेवा, नाहीतर बाहेरचा कार्बन डायऑक्साइड आत येऊन द्रावण बिघडवेल. आणि भोवतीच्या डब्यालाही एक बारीक छिद्र असू द्या.

आणखी एक. वापरताना मँगनीजचा थर फुगतो. एपॉक्सीत घट्ट गोठवलेली चळत फुगायला जागा नसल्याने कडेवर जोर देते आणि बंदिस्ती उघडते. विजेच्या जोडणीसाठी लागणारा दाब मधोमध पट्टीच्या स्प्रिंगने द्या, कड मात्र चौकटीनेच सांभाळा. या दोन कामांची सरमिसळ केली की दोन्ही बिघडतात. सहाही सेलमधला माल वजन करून सारखा भरा. एखादा सेल आधी संपला, तर बाकीचे पाच त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात, त्याची धन-ऋण टोकं उलटी होतात आणि तो वायू सोडू लागतो. ५.४ व्होल्टच्या खाली वापर थांबवा.

तपासायला तयार चळत ४५ अंश तापमानात ठेवा आणि दर आठवड्याला मिलिग्रॅमपर्यंत वजन करा. मधूनमधून गार-गरम करा, कारण पॉलिप्रॉपिलीन स्टीलपेक्षा आठ-दहा पट जास्त पसरतं आणि कमजोर कड तेव्हाच उघडी पडते. अल्कली लागताच गुलाबी होणाऱ्या फेनॉल्फ्थॅलिनमध्ये बुडवलेला कापूस कडेवरून फिरवा. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी गुलाबी ठिपका गळतीची जागा दाखवतो.

हे सगळं पाण्यातल्या द्रावणाच्या सेलपुरतं आहे, लिथियमच्या सेलवर यातलं काही करू नका. आणि तो फुगलेला डबा उघडताना चष्मा आणि हातमोजे घाला, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. आधी एक बारीक छिद्र पाडून हायड्रोजन मोकळ्या हवेत जाऊ द्या. पूड कुठल्या सेलच्या कुठल्या कडेला सर्वात दाट आहे ते खाली लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.