वर्ग झाडणं ही शिक्षा नव्हे

“नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी, प्रतिज्ञा तोंडपाठ, मागच्या वर्षी गाडगेबाबांवर भाषण करून बक्षीस आणलं. आणि तोच मुलगा शाळेतल्या मावशींना असं कसं बोलतो? आमचे संस्कार कुठं कमी पडले?”

एक आई हा प्रश्न घेऊन आल्या होत्या. शब्द बदलतात, पण अशी काळजी घेऊन पालक माझ्याकडे वरचेवर येतात, म्हणून ही हकिगत लिहिते आहे. ओळख कळू नये यासाठी तपशील बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणूया.

ओंकार सातवीत. मधल्या सुट्टीत मावशींनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यानं वेफर्सचं पाकीट टाकलं. “बाळा, तेवढं उचल रे,” मावशी म्हणाल्या. “तुमचं कामच आहे ना ते? पगार मिळतो की!” बाजूची मुलं हसली. प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेलं. वहीत सुवाच्य अक्षरात माफीनामा लिहून झाला, त्यावर पालकांची सहीही झाली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

एकट्याशी बोलताना मी मावशींचा विषय काढलाच नाही. रोज भेटणाऱ्या मोठ्या माणसांची यादी करायला सांगितली आणि विचारलं, यांतल्या कुणाला उलट बोललेलं चालतं? त्यानं पटापट खुणा केल्या. मुख्याध्यापिका नाही. पीटीचे सर अजिबात नाही. बाबा तर नाहीच. चित्रकलेच्या बाई, थोडं चालतं. रिक्षावाले काका, वॉचमन, मावशी, चालतं.

“का रे?”

“ते कुणाला सांगणार?”

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. जो शिक्षा करू शकतो त्याला मान द्यायचा, हा हिशोब त्याला कुणी शिकवला नव्हता. बघून बघून त्यानं तो मांडला होता. वडील सोसायटीच्या साठीतल्या वॉचमनना अरे-तुरे करतात. घरकामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप ओट्याखाली वेगळा ठेवलेला असतो. हे आईंनीच सांगितलं, आणि सांगता सांगता त्या गप्प झाल्या. गाडगेबाबांवरचं भाषण वर्षातून एकदा झालं. तो कप मात्र रोज दिसत होता.

शाळेनं उपाय सुचवला होता: आठवडाभर त्याला वर्ग झाडायला लावू, म्हणजे कळेल. याला मी ठाम विरोध केला. शिक्षा म्हणून हातात झाडू दिला, तर झाडणं हे अपमानाचं काम आणि ते करणारा माणूस खालचा, हेच तो पक्कं शिकेल. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या जात बघून माणसांच्या माथी मारलं गेलं आहे. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचं आश्वासन देणारी बंधुता आहे, आणि परिपाठाला मुलं ती वाचतात. त्याच शाळेत झाडू शिक्षा म्हणून वापरायचा? शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली आहे.

वर्गशिक्षिकांनी ऐकून घेतलं, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. त्यांनी वर्गाची बैठक घेतली. आपला वर्ग स्वच्छ ठेवायचा कुणी, एवढाच विषय. एक मुलगी ताडकन म्हणाली, “बाई, झाडायला नेहमी मुलींनाच सांगतात, मुलांना फक्त बाकं उचलायला.” खरं होतं ते, आणि आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाळ्या ठरल्या हजेरी क्रमांकानं. मॉनिटर, पहिला नंबरवाले, कुणालाच सूट नाही; बाईंचीही पाळी. मावशींना बोलावून त्यांची अडचण विचारली. त्यांनी एक बाक आडवा केला. खाली च्युइंगमचे काळे पडलेले गोळे होते. ते पट्टीनं खरवडून काढावे लागतात, नखं दुखतात, एवढंच त्या म्हणाल्या. ओंकारच्या पाळीला तो आणि त्याचा मित्र पट्टी घेऊन तिथंच बसले होते, असं बाईंनी मला सांगितलं.

वडिलांची काळजी वेगळी होती. “मॅडम, सगळ्यांशी असा नरमाईनं वागायला लागला तर बाहेर टिकेल का? लोक डोक्यावर बसतील.” पालकांच्या मनातली ही भीती मी हलक्यानं घेत नाही. पण ओंकारनं मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. घोटा सुजलेला असताना तो पीटीच्या तासाला पळत राहिला होता, कारण सरांना सांगायची हिंमत झाली नाही. मावशींशी बेदरकार आणि सरांपुढे मुका, ही दोन्ही एकाच धाकाची रूपं. समोरच्याचा अपमान न करता आपलं म्हणणं मांडता येणं, हे त्याला दोन्ही ठिकाणी हवं होतं. मग आम्ही तेच घेतलं: “सर, माझा घोटा दुखतोय, आज मी बसून राहतो,” हे वाक्य खोलीत मोठ्यानं म्हणून बघायचं. सुरुवातीला आवाजच फुटत नव्हता.

घरासाठी मी थोडंच सुचवलं. तो वेगळा कप आधी काढा. मूल कुणाला वेडंवाकडं बोललं, तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. बाजूला घ्या आणि ‘सॉरी’ वदवून घेण्याऐवजी जे बिघडवलंय ते निस्तरायला लावा. टाकलेलं पाकीट उचलणं आधी, माफी त्याला वाटेल तेव्हा.

ओंकार अजून कधीमधी तडकून बोलतो. मात्र परवा गेटवर त्यानं वडिलांना टोकलं, “बाबा, काकांना अहो म्हणा ना.” वडिलांना ते मुळीच आवडलं नाही. पुढच्या भेटीला ते स्वतः येणार आहेत, आणि बोलायला विषय हाच आहे.