मशेरी की मिश्री, आणि ती ‘लावतात’ का?

प्रश्न असा आला आहे : तोंडाच्या कर्करोगावरच्या एका माहितीपत्रकात ‘मिश्री’ असं छापलंय, आमच्या गावात भाजलेल्या तंबाखूच्या त्या पुडीला ‘मशेरी’ म्हणतात. बरोबर काय? आणि तंबाखू ‘खातात’, तर मशेरी ‘लावतात’ असं का?

रूपं दोन्ही चालतात. वैद्यकीय लेखनात मिश्री जास्त दिसतं. तरी पत्रक माझ्या हाती असतं तर मी मशेरीच छापली असती. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर, आणि ज्या बाईसाठी पत्रक काढलं तिच्या तोंडी मशेरी हाच शब्द आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे तंबाखू मळतात, बार भरतात, विडी ओढतात, विदर्भात खर्रा घोटतात. मशेरी लावतात, कारण ती चघळायची नसतेच. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, चिमूटभर बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. मंजनाचीच ही रीत, त्यामुळे मशेरी व्यसनात धरली जात नाही, तोंड धुण्यात धरली जाते. मग सकाळी लावलेली दुपारी लागते, रात्री निजताना लागते, आणि विचारलं तर बाई म्हणते, “तंबाखू नाही हो खात, नुसती मशेरी लावते.” ती काही लपवत नसते, तिच्या भाषेत हे खाणं नाहीच.

पण चूळ भरून थुंकली तरी निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं. भाजल्यानं विष मरतं हा समजही खोटा. तंबाखू जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं नव्यानं तयार होतात. २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले. त्यात मशेरीही धरलेली आहे. गावोगावी तपासणीला जाणाऱ्या आशाताईंनी, डॉक्टरांनी म्हणूनच “तंबाखू खाता का?” एवढ्यावर थांबू नये. “मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?” असं सरळ विचारावं.

त्याच पत्रकात ‘व्रण’ लिहिलाय, तिथंही माझी हरकत आहे. घरात म्हणतात, “तोंड आलंय, उष्णता झाली असेल,” आणि महिना जातो. तेव्हा छापायचं ते असं : आलेलं तोंड दोन आठवड्यांत बरं झालं नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.