जोंगा घेताना आधी कागद, मग इंजिन

जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी जीप, बघून हरखायला होतं, पण बोनेट उघडायच्या आधी आरसी माग. चेसिसवरचा नंबर स्वतः पुसून वाच, आरसीशी ताडून बघ. लष्करी लिलावातून सुटलेली असेल तर ते कागदही हवेत. नसतील तर फुकट मिळाली तरी सोड. निस्सानच्या सहा सिलिंडर, ३९५६ सीसी पेट्रोल इंजिनाची धास्ती नको, दणकट आहे (पेट्रोल ढोसतं, ते वेगळं!). कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर तो बदल आरसीवर चढलाय का, ते बघ. खरा खर्च गंजलेल्या पत्र्याचा. खाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचायचा. आरपार गेला की भाव पाडायचा. रंग ऑलिव्ह ग्रीन मात्र नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.