दात दाखवायची भीती वाटते? गुंगीच्या औषधांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: रूट कॅनाल करायचंय पण खुर्चीत बसलं की हातपाय गार पडतात. सरळ झोपवून करत नाहीत का?

उत्तर: करतात, पण दहातल्या नऊ जणांना तेवढं लागत नाही हो. पूर्ण भूल म्हणजे हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ, तपासण्या, एका दाढेसाठी एवढा खटाटोप कशाला. त्याऐवजी सेडेशन, म्हणजे औषधाने हलकी गुंगी देतात, त्यात तुम्ही जागेच असता, तोंड उघडा म्हटलं की उघडता, फक्त छातीतली धाकधूक उतरते. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, सेडेशनने भीती जाते, दुखणं नाही, त्यामुळे हिरडीतलं बधीर करायचं इंजेक्शन तरीही घ्यावंच लागतं. फक्त ते कधी टोचलं याचं तुम्हाला फारसं काही वाटत नाही.

प्रश्न: लाफिंग गॅस नक्की कसा देतात? खूप हसायला येतं का?

उत्तर: हसू येईलच असं नाही, बरेच जण नुसते शांत पडून राहतात. नाकावर छोटा मऊ मास्क बसवतात, आधी नुसता ऑक्सिजन, मग त्यात नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हा लाफिंग गॅस, हळूहळू वाढवत नेतात. दोन-चार मिनिटांत बोटांना, ओठांना मुंग्या येतात, अंग जड किंवा एकदम हलकं वाटायला लागतं, ड्रिलचा आवाज येतो पण तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. आताच्या मशिनमधून ऑक्सिजन ठरावीक प्रमाणाच्या खाली जाऊच शकत नाही, बहुतेक ठिकाणी ही मर्यादा 30 टक्के असते, त्यामुळे गुदमरायची भीती नको. काम झालं की पाचेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात आणि गुंगी जवळजवळ लगेच उतरते, म्हणून माझी पहिली पसंती यालाच. उलटी येते म्हणून ज्यांना तोंडात आरसासुद्धा चालत नाही त्यांनाही याचा छान उपयोग होतो. पण नाक चोंदलं असेल तर गॅस आत जाणारच कसा, सर्दी बरी होऊ द्या. पहिल्या तीन महिन्यांची प्रेग्नन्सी, बी12 ची कमतरता, नुकतंच झालेलं कानाचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा.

प्रश्न: घरात आईची झोपेची गोळी आहे, अर्धी घेऊन गेलो तर?

उत्तर: अजिबात नको. गोळीचं सेडेशन असतं, डायझेपामसारखी गोळी आम्हीही देतो, साधारण तासभर आधी, पण वय, वजन, बाकीची औषधं बघून. गोळी एकदा पोटात गेली की कमी-जास्त करता येत नाही, कुणाला काहीच होत नाही तर कुणी खुर्चीत घोरायला लागतं. त्यात दारू किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं मिसळली तर श्वास मंदावू शकतो, आणि तुम्ही गुपचूप घेऊन आलात तर समोरच्याला कळणार कसं! घोरण्याचा, झोपेत श्वास थांबायचा त्रास असेल तर तेही सांगायलाच हवं.

प्रश्न: शिरेतून औषध देतात तेव्हा माणूस काहीबाही बडबडतो म्हणे?

उत्तर: थोडी बडबड होते कधीकधी, पण आम्हाला दाढेत इंटरेस्ट असतो, तुमच्या गुपितांत नाही :) औषध बहुधा मिडाझोलाम असतं, थोडं थोडं सोडत अंदाज घेतात, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप असते आणि गुंगी उतरवायला फ्लुमाझेनिल हाताशी ठेवतात. नंतर बऱ्याच जणांना मधलं काही आठवतच नाही, "झालं पण?" असं विचारतात. उपाशीपोटी यायचं का ते विचारून घ्या, भूलतज्ज्ञ सहसा जेवणानंतर 6 तास आणि पाण्यानंतर 2 तास सांगतात. सोबत मोठं माणूस हवंच, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी नाही, महत्त्वाच्या सह्या नाहीत.

प्रश्न: मागे बधीर करताना छाती धडधडली, हात थरथरले. मला ॲलर्जी आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. त्या इंजेक्शनमध्ये ॲड्रेनॅलिन असतं, बधीरपणा टिकावा म्हणून, ते रक्तात थोडं गेलं की काही मिनिटं धडधडतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं असं झालं असेल तर मात्र वेगळं, मग तपासणी करून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी फक्त एवढं सांगा, डॉक्टर सावकाश टोचतील किंवा ॲड्रेनॅलिन नसलेलं औषध वापरतील.

प्रश्न: मुलगी 4 वर्षांची, बरेच दात किडलेत, खुर्चीत बसतच नाही. धरून करावं का?

उत्तर: दाबून धरून केलंत तर दात होतील पण ती पुढची वीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे यायची नाही. एक-दोनच दात असतील तर आधी नुसती खुर्चीत बसून खाली-वर करायला आणा, मग गॅस. खूपच दात असतील तर मात्र तिच्या बाबतीत हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळं उरकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, फक्त भूल द्यायला वेगळा भूलतज्ज्ञ असणार ना, हे आधी विचारा. जो दात करतोय त्यानेच भूलही सांभाळायची असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.