पी ०१७१ हा इंजिनचा बिघाड-कोड आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नकोस

मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, एवढंच तो सेन्सर सांगतोय. सांगणाऱ्यालाच बदलून काय मिळणार? इंजिन पूर्ण गरम कर, स्कॅनर लाव आणि शॉर्ट व लाँग फ्युएल ट्रिमची (मिश्रण जमवायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, त्याचे तात्पुरते व दीर्घ आकडे) बेरीज बघ. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला +५ दिसलं, तर हवा कुठूनतरी चोरून आत जातेय. तडकलेला व्हॅक्यूम पाइप, पीसीव्हीची (क्रँककेसमधले वायू इनटेकला नेणारी) नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप तपास. स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणं) सगळ्यात खात्रीची. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायचा उद्योग नको, आग लागते. मेख एकच: हे गणित एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या गाड्यांचं. नुसता एमएपी (इनटेकमधला दाब मोजणारा) सेन्सर असेल तर तीच गळती बहुधा आयडल वाढवते, ट्रिम फारसा हलत नाही.

उलट चोर्ला घाटाच्या चढाला गाडी ओढत नाही, लोडबरोबर ट्रिमही चढतो, तर पेट्रोल कमी पडतंय. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर प्रेशर गेज लाव, पण आधी लाइनमधलं प्रेशर सोड. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धर. फिल्टर, पंप, मग इंजेक्टर तपास. एमएएफ मळला तरी लक्षण हेच; तो एमएएफ क्लीनरनेच धू, कापड लावू नकोस, वाळल्यावर बसव.

ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा शिरून खोटं लीन दिसतं, तेही बघ. मग कोड पुसून खानापूरपर्यंत चक्कर मार आणि ट्रिम पुन्हा वाच.